पायलटचं मुख्यालय : पहिला 'बेस' निवडताना

मराठवाड्यातल्या माणसाला दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. एक 'अप-डाऊन' आणि दुसरा 'मुख्यालय'. नोकरी सेलूला, बिऱ्हाड परभणीला. शाळा पूर्णेला, घर नांदेडला. सकाळच्या गाडीत रुमाल टाकून जागा धरणारे, पत्त्यांचा डाव मांडणारे, खिडकीला डोकं टेकून डुलक्या काढणारे नोकरदार आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. आणि अधूनमधून पेपरात बातमी येतेच, की कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे, नाहीतर घरभाडे भत्ता बंद!

मित्रांनो, विमान चालवणाऱ्या पायलटलाही असंच एक मुख्यालय असतं. त्याला 'होम बेस' किंवा नुसतं 'बेस' म्हणतात. त्यालाही अप-डाऊनचा मोह होतो. फरक एवढाच, की तिथे हिशोब चुकला तर मस्टरवर लेट मार्क पडून भागत नाही. मागे दीड-दोनशे माणसं पट्टे बांधून बसलेली असतात.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनीअरिंगच्या पोरांना हे कशाला? दोन कारणं आहेत. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स झालेलं असलं की कमर्शिअल पायलट लायसन्सची शैक्षणिक अट पूर्ण होते. मग मेडिकल, परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण. त्यामुळे डिग्री हातात आल्यावर त्या वाटेला जायचं म्हणणारा एखादा तरी हॉस्टेलच्या प्रत्येक बॅचमध्ये निघतो. दुसरं कारण बाकी सगळ्यांसाठी. कॅम्पसमध्ये निवड झाली की फॉर्मवर 'लोकेशन प्रेफरन्स' असा रकाना येतोच, आणि पुणे, हैदराबाद, बंगलोर अशी नावं आपण मित्राच्या फॉर्ममध्ये बघून दोन मिनिटांत भरून टाकतो. पायलटला हा रकाना जास्त विचार करून भरावा लागतो. तो कसा भरतात हे कळलं, तर आपलाही नीट भरता येईल.

बेस म्हणजे नेमकं काय?

आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, पायलटच्या कामाचे आणि विश्रांतीचे नियम ठरवतं. त्या नियमांतल्या अर्थाने होम बेस म्हणजे कंपनीने नेमून दिलेलं असं ठिकाण, जिथून पायलटची ड्यूटी सहसा सुरू होते आणि जिथे ती संपते, आणि जिथे त्याच्या राहण्याची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर नसते.

व्याख्येतला शेवटचा भाग नीट वाचा. बेस दिल्ली असेल आणि रात्रीचा मुक्काम चेन्नईत पडला, तर हॉटेल कंपनीचं. त्या मुक्कामाला 'लेओव्हर' म्हणतात. पण दिल्लीत राहायची खोली, तिचं भाडं, डबा, पाणी, सगळं आपलं आपण बघायचं. कंपनीने ड्यूटीसाठी प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या गावी पाठवलं, तर तो वेळ ड्यूटीत धरतात. मात्र परभणीहून दिल्लीला हजर होण्यासाठी तुम्ही रात्रभर प्रवास केलात, तर तो तुमचा खाजगी प्रवास. कागदावर तुम्ही त्या वेळात विश्रांती घेत होतात!

कंपनी बेस कुठे ठेवते?

पहाटे सहाला एखाद्या शहरातून पहिलं विमान सुटायचं असेल, तर विमान आणि पायलट दोघंही आदल्या रात्री तिथे असायला हवेत. एकच विमान मुक्कामी राहत असेल तर कंपनी पायलटला हॉटेलात ठेवते. दहा-वीस विमानं राहत असतील तर हॉटेलची बिलं डोईजड होतात आणि तिथे बेस उघडणं परवडतं. ऑपरेशन्स रिसर्च शिकलेल्यांना हे लगेच कळेल. बेसहून निघून बेसवरच संपणारी उड्डाणांची साखळी म्हणजे 'पेअरिंग'. कमीत कमी खर्चात सगळी उड्डाणं अशा साखळ्यांत बसवायची, तीही विश्रांतीचे नियम न मोडता. आपल्या सिलॅबसमधल्या 'सेट कव्हरिंग'चं हे जिवंत उदाहरण आहे. तुमचं गाव कोणतं, हा त्या समीकरणातला व्हेरिएबल नसतो.

हे पूर्वीपासून असंच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले आणि टाटांच्या हवाई टपालसेवेची सुरुवात झाली. पण जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जायचं. मग विमानं, पायलट आणि मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवला जायचा आणि येरवडा जेलजवळच्या मैदानातून काम चालायचं. बेस ठरवणारा तिथे पाऊस होता.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४५ साली हैदराबादेत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात निजामाची रेल्वे आणि टाटा यांची भागीदारी होती. अलाहाबादला विमान चालवायला शिकलेल्या प्रेम माथुर यांना बऱ्याच कंपन्यांनी नकार दिला. १९४७ मध्ये याच डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं आणि त्या देशातल्या पहिल्या महिला कमर्शिअल पायलट ठरल्या. ज्या कंपनीने दार उघडलं तिचं गाव हैदराबाद होतं, म्हणून त्या हैदराबादला आल्या. पहिला बेस बहुतेकांना असाच मिळतो.

मग निवड आपल्या हातात असते का?

थोडी असते. नवीन भरती झालेल्याला कंपनी पसंतीक्रम विचारते. काही ठिकाणी रुजू होताना, काही ठिकाणी ट्रेनिंग संपत आल्यावर. वाटप होतं ते जागा रिकाम्या किती आणि ज्येष्ठता कुणाची, यावर. एकाच बॅचमध्येही ज्येष्ठता लागते. त्यामुळे सगळ्यांना हवा असलेला बेस सीनिअर लोकांनी भरलेला असतो आणि जिथे नवीन विमानं येत आहेत किंवा जिथे कुणी जायला तयार नाही, तिथे नवख्याची वर्णी लागते.

शिवाय बेसआधी विमान ठरतं. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं 'टाइप रेटिंग' घ्यावं लागतं. एअरबस ३२० शिकलेला माणूस उद्या सकाळी एटीआर चालवू शकत नाही. कंपनीची एटीआर विमानं ज्या शहरांत मुक्कामी असतात, तिथेच एटीआरच्या पायलटला बेस मिळणार. पंख्याची ही छोटी विमानं जवळच्या गावांना जातात, मोठी जेट विमानं मोठ्या शहरांना, आणि परदेशी लांब पल्ल्याची अजस्र विमानं बहुधा दिल्ली-मुंबईसारख्या ठिकाणांहून. इंडियन एअरलाइन्समध्ये १९८५ साली सौदामिनी देशमुख यांनी सर्व महिला कर्मचारी असलेल्या पहिल्या उड्डाणाचं नेतृत्व केलं, ते कलकत्ता ते सिलचर होतं आणि विमान होतं फॉकर फ्रेंडशिप. पुढे त्यांनी बोइंग ७३७ आणि एअरबस ३२० यांचंही कप्तानपद केलं. विमान बदललं की मार्ग बदलतात, आणि मार्ग बदलले की मुक्कामाची गावंही बदलतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी. नेमणूक झाली म्हणजे लगेच बेस मिळाला असं नाही. क्लासरूम, सिम्युलेटर, मग ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून प्रत्यक्ष लाइनवर उड्डाणं, शेवटी तपासणी. या काळात कंपनी नेईल तिकडे जावं लागतं. तेव्हा भाड्याचा अकरा महिन्यांचा करार करून, गादी-कपाट घेऊन बसू नये. आपल्यासारखं कॉट बेसिसवर राहावं!

गणित मांडून बघू

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने विश्रांतीचे नियम सुधारले आणि २०२५ मध्ये ते दोन टप्प्यांत लागू केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि तिच्यात दोन पूर्ण रात्री यायला हव्यात. रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्यूटीत पूर्वी सहा लँडिंग चालायची, ती दोनवर आणली. यासाठी जास्त पायलट लागतात. नियोजन कमी पडलं की काय होतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा देशाने पाहिलं.

आता समजा, आपल्या परभणीचा एक जण नवीन को-पायलट झाला. सोमवारी संध्याकाळी सहाला ड्यूटी संपली आणि बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याची साप्ताहिक विश्रांती आहे. त्याला घरी यायचंय.

बेस मुंबई : रात्रीची देवगिरी धरली की मंगळवारी सकाळी परभणी. आईच्या हातची भाकरी, शेतावर एक चक्कर, संध्याकाळी पुन्हा स्टेशन, बुधवारी सकाळी मुंबई. घरी मिळाले बारा-तेरा तास, आणि दोन्ही रात्री गेल्या गाडीत. नियमाने ज्या दोन रात्री झोपेसाठी दिल्या, त्या आपण रेल्वेला दिल्या! ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत येते आणि परभणीला थांबते. दुपारी मुंबईहून निघून रात्री घरी पोचता येतं, पण पहाटेच परतीची गाडी. म्हणजे घरची झोप मिळते, घरचा दिवस मिळत नाही.

बेस हैदराबाद : रेल्वेने साधारण साडेतीनशे किलोमीटर, सहा-सात तास. सोमवारची रात्र हैदराबादच्या खोलीत झोपून मंगळवारी सकाळी निघालं तर दुपारपर्यंत घर. बुधवारी सकाळी परतलं तर दुपारी पुन्हा खोलीवर. एक रात्र बेसवर, एक रात्र घरी, दोन्ही गादीवर. फक्त शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर आहे आणि सिकंदराबाद स्टेशन दुसऱ्या टोकाला, तेवढा वेळ धरायचा.

बेस पुणे : रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरपूर आणि पनवेल-नांदेड गाडी आहे. पण हिशोब मुंबईसारखाच, रात्री रस्त्यात जातात. शिवाय लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. तिथून नागरी विमानं किती आणि कधी उडतील याला मर्यादा येतात, त्यामुळे जागाही मर्यादित.

बेस दिल्ली किंवा बंगलोर : दिल्लीची सचखंड एक्सप्रेस एका दिशेलाच एक दिवसापेक्षा जास्त घेते. ४८ तासांत तो नाद सोडावा. विमानाने छत्रपती संभाजीनगरला उतरून पुढे दोनशे किलोमीटर रस्ता, किंवा नांदेडचं विमान मिळालं तर पुढे साठेक किलोमीटर. कर्मचाऱ्यांना सवलतीचं तिकीट असतं, पण ते बहुधा जागा रिकामी राहिली तरच. दिवाळीत ती कुठून राहणार?

नांदेडच्या विमानाचंही एक आहे. उडान योजनेतल्या पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. २७ एप्रिल २०१७ ला ट्रूजेटने तो सुरू केला, तेव्हा आपल्या भागात केवढा आनंद झाला होता. २०२२ मध्ये ट्रूजेट बंद पडली. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून सेवा सुरू केली. अशा एखाद-दुसऱ्या उड्डाणाच्या भरवशावर आपल्या ड्यूटीचं वेळापत्रक बांधता येत नाही.

झोपेचं कर्ज

या सगळ्या हिशोबात खरी किंमत असते ती झोपेची. नियमाप्रमाणे पुढच्या उड्डाणाआधी किमान बारा तास, किंवा आधीची ड्यूटी जितकी लांब तितके तास, यांपैकी जे जास्त असेल तेवढी विश्रांती द्यावी लागते. कंपनी वेळ देते. त्या वेळात झोपायचं की प्रवास करायचा, हे ज्याचं त्याच्या हातात.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं आणि जमिनीवरच्या एका माणसासह ५० जण गेले. दोन्ही पायलटांचा बेस होता न्यूयॉर्कशेजारचं नेवार्क. को-पायलट राहायची देशाच्या दुसऱ्या टोकाला सिॲटलला, आईवडिलांकडे. पगार तुटपुंजा होता. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून बसून, मध्ये मेम्फिसला विमान बदलून, बेसवर पोचली होती. कॅप्टनचं घर फ्लोरिडात होतं आणि बेसवर त्याची खोली नव्हती. तो क्रू रूममध्येच पडला होता. वेग कमी झाल्याची सूचना मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची प्रतिक्रिया दिली, हे तपासात मुख्य कारण ठरलं. थकव्याचा परिणाम बहुधा झाला असावा, पण तो किती हे मोजता येत नाही, असंही तपास यंत्रणेने नोंदवलं. त्यानंतर अमेरिकेने विश्रांतीचे नियम कडक केले.

आपल्याकडे २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला येणारं विमान पहाटे उतरताना दरीत गेलं आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. को-पायलटने 'गो अराउंड' असं तीनदा सांगूनही कॅप्टनने लँडिंग सोडलं नाही. उड्डाणातला दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपेत होता, असं चौकशीत पुढे आलं. अर्धवट झोपेतून उठलेला मेंदू काही काळ मंद चालतो. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सकाळी पेपरला बसतो तेव्हा सोपा फॉर्म्युलाही आठवत नाही, तसंच. आपला पेपर एटीकेटीत सुटतो. तिथे एटीकेटी नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की बेस गावापासून किती लांब आहे हे नंतर बघावं. आधी बघावं की त्या शहरात मला विमानतळापासून तास-पाऊण तासाच्या आत, परवडेल अशी, दुपारीही झोपता येईल अशी खोली मिळते का. पहिल्या वर्षी डोक्यावर कर्ज असतं, टाइप रेटिंगचा खर्च असतो, म्हणून मुलं सहा जणांत फ्लॅट घेतात. पण चार वेगवेगळ्या वेळांना उठणारी सहा माणसं एका फ्लॅटमध्ये म्हणजे आपलं हॉस्टेलच झालं! रात्री दोनला कॅरम खेळणारा रूममेट इथे ठीक आहे. पहाटे चारला ड्यूटी असेल तर नाही.

कंपनीला काय विचारायचं?

मुलाखतीत 'बेस कुठला मिळेल?' एवढंच विचारून थांबू नये. पुढच्या गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात.

१. माझ्या प्रकारच्या विमानाचे बेस किती आणि कुठले? पर्यायच दोन असतील तर दहा नावांचा पसंतीक्रम भरून उपयोग नाही.

२. स्टँडबायवर असताना बोलावणं आल्यापासून किती वेळात हजर व्हायचं? खोली कुठे घ्यायची ते यावरूनच ठरतं. स्टँडबायच्या दिवशी परभणीत असणं हा प्रश्नच येत नाही.

३. बेस बदलून मागायला किती काळाने परवानगी, आणि यादी ज्येष्ठतेने चालते का? कंपनीने स्वतःहून बदली केली तर सामान हलवण्याचा खर्च कुणाचा?

४. घरून विमानतळापर्यंत गाडी मिळते की भत्ता, आणि किती अंतरापर्यंत?

५. कॅप्टन होण्याची संधी कुठे लवकर आहे? त्यासाठीच्या एटीपीएल लायसन्सला किमान १५०० तास लागतात. आज सोयीचा असलेला बेस तेव्हा सोडावा लागू शकतो.

६. बाँड किती वर्षांचा? बेस आवडला नाही म्हणून कंपनी बदलणं सोपं नाही. २०१७ च्या डीजीसीए नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते.

आणि कंपनीची प्रकृतीही बघावी. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. बेसच्या शहरात हप्त्यावर फ्लॅट घेतलेल्यांचं मुख्यालय एका रात्रीत नाहीसं झालं. हप्ते तेवढे राहिले. पहिली दोन-तीन वर्षं भाड्याने राहणंच शहाणपणाचं. नवीन बेसही निघत असतात. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आणि पनवेलपर्यंत येणाऱ्या नांदेडच्या गाडीला एकदम वेगळा अर्थ आला.

घर आणि मुख्यालय

मग परभणीच्या पोराने काय लिहावं? निव्वळ घरी येण्याच्या हिशोबाने हैदराबाद पहिलं, मुंबई दुसरं. पण मिळालं दिल्ली तर? जावं. तिथे नीट खोली घ्यावी, मुख्यालयी राहावं आणि दर आठवड्याच्या ४८ तासांत गावाकडे धावण्याचा हट्ट सोडावा. चार-पाच दिवसांची रजा जोडून मिळेल तेव्हा निवांत यावं. मधल्या काळात आईवडिलांनाच बेसवर बोलवावं. बऱ्याच कंपन्यांत घरच्यांनाही तिकिटात सवलत असते. ज्यांनी जमीन गहाण टाकून शिकवलं, त्यांनाही एकदा वरून ढग बघू द्या. सण हुकतील, चुलतभावाच्या लग्नाला फोनवरून अक्षता टाकाव्या लागतील. ते गृहीत धरूनच या वाटेला लागावं.

जे पायलट होणार नाहीत, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं. नाईट शिफ्ट करून सकाळी गाडी चालवत गावाकडे निघणारा सॉफ्टवेअरवाला, आणि साइटवरून अप-डाऊन करत क्रेनखाली उभा राहणारा सिव्हिलवाला, यांचं गणित पायलटपेक्षा वेगळं नाही. तेव्हा प्लेसमेंटच्या फॉर्मवर तो रकाना आला, की आपली कॉट कुठे टाकणार ते आधी ठरवा आणि मग शहराचं नाव लिहा.